पडद्यावरचा आकडा आणि भांड्यातलं धान्य: बीअरच्या मॅशची अडीचशे वर्षं

आजच्या भागाची सुरुवात एका लपवाछपवीने.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ऑल्टन नावाचं छोटं गाव आहे. अठराव्या शतकात तिथे बॅव्हरस्टॉक घराण्याचा बीअर बनवायचा धंदा होता. घरातला मुलगा जेम्स. तरुण होता, डोक्यात नवनवीन गोष्टी. त्याने थर्मामीटर वापरायला सुरुवात केली, पण वडिलांच्या नजरेआड. वडिलांना धंद्यात असली नवी उपकरणं अजिबात नको होती, म्हणून पोरगा चोरून मोजायचा. पुढे त्याने हायड्रोमीटर वापरून पाहिला. धान्यातून रसात साखर किती उतरली हे सांगणारी तरंगती नळी म्हणजे हायड्रोमीटर. ती घेऊन तो लंडनला सॅम्युअल व्हिटब्रेडकडे गेला. व्हिटब्रेड म्हणजे त्या काळातला बडा ब्रूअर. त्याने पोराला चक्क वाटेला लावलं. मग सदर्कमधल्या हेन्री थ्रेल या दुसऱ्या मोठ्या ब्रूअरने मात्र त्याचं म्हणणं मनावर घेतलं.

आज थर्मामीटर कुणी लपवत नाही. आज उलट झालंय. बाजारात बीअर बनवायची 'ऑल-इन-वन' यंत्रं मिळतात. खाली हीटर, आत जाळीची टोपली, बाजूला पंप आणि समोर छोटा पडदा. पडद्यावर ६६ अंश दिसलं की माणूस निश्चिंत होऊन मोबाइल बघत बसतो. आणि तासाभराने लक्षात येतं की पंप कोरडा फिरतोय, रस खाली उतरतच नाहीये आणि स्वयंपाकघरात करपल्याचा वास सुटलाय.

परदेशात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांचे या विषयावर बरेच मेसेज येतात. प्रश्न साधारण तेच असतात. मॅश अडकला, साखर कमी उतरली, बुडाला लागलं. माझं म्हणणं असं की हे प्रश्न यंत्रासोबत जन्माला आलेले नाहीत. ते शेकडो वर्षं जुने आहेत. प्रत्येकावर कुणीतरी कधीतरी तोडगा काढला होता. नव्या यंत्राने ते सगळे तोडगे एका भांड्यात कोंबले आणि कोणता भाग कुणाचं काम करतोय ते दिसेनासं झालं. ते एकेक करून बाहेर काढायचं, एवढाच आजचा कार्यक्रम.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि त्यात घरची बीअरही आली. त्यामुळे इथल्या श्रोत्यांनी हा भाग इतिहास म्हणून ऐकावा. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी जिथे याला परवानगी आहे, तिथल्या सज्ञान मंडळींना तो हाताशीही उपयोगी पडेल.

आता मॅश म्हणजे काय ते बघू. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व तुम्ही लहानपणी खाल्लं असेल. मोड आलेल्या धान्याची खीर साध्या पिठाच्या खिरीपेक्षा पातळ होते आणि थोडी गोडही लागते. कारण मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिठूळ स्टार्च तोडून त्याची साखर करतात. बीअरसाठी हेच बार्लीबरोबर करतात. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. माल्ट भरडायचा, गरम पाण्यात कालवायचा आणि साधारण तासभर ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला ठेवायचा. हा झाला मॅश. त्यातून गाळलेला गोड रस म्हणजे वर्ट. वर्ट हॉप्ससोबत उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालायचं. बीअर पुढे हलकी होणार की जड, यातलं बरंचसं या एका तासात ठरतं.

पाण्यात चेहरा बघणारे ब्रूअर

थर्मामीटर नव्हता तेव्हा लोक तापमान कसं ठरवायचे? अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत एक युक्ती सापडते. पाणी उकळायचं आणि निवू द्यायचं. वाफ विरळ झाली आणि पाण्यात आपला चेहरा दिसायला लागला की माल्ट घालायचा. ऐकायला गमतीशीर वाटतं, पण खोलीतली हवा थंड असेल तर वाफ जास्त दिसते, उन्हाळ्यात कमी दिसते. म्हणजे जानेवारीतला चेहरा आणि जुलैमधला चेहरा वेगवेगळ्या तापमानाला दिसणार!

बव्हेरिया आणि बोहेमियातल्या लोकांनी वेगळा रस्ता काढला. मॅशचा एक हिस्सा, समजा तिसरा भाग, बाजूला काढायचा, उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा. सगळ्या मॅशचं तापमान एक पायरी वर चढतं. मग पुन्हा काढा, पुन्हा उकळा, पुन्हा ओता. याला डिकॉक्शन म्हणतात. यात हुशारी बघा. पाणी उकळतंय हे डोळ्यांना दिसतं, ते मोजावं लागत नाही. हिस्सा ठरलेला असला की तापमानही दरवेळी साधारण तेवढंच येतं. थर्मामीटर नसताना केलेलं हे हिशोबाचं काम आहे.

मग लंडनचा ब्रूअर मायकेल कॉम्ब्रून आला. त्याने १७५८ मध्ये बीअर बनवण्यावर एक निबंध छापला आणि १७६२ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्यात त्याने थर्मामीटर कामाच्या मध्यभागी आणून ठेवला. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनने हायड्रोमीटरच्या मोजणीवर पुस्तक लिहिलं. व्हिटब्रेडने ज्याला वाटेला लावलं ते उपकरण पुढे धंद्याचा कणा झालं.

आता यंत्राकडे या. तुमच्या ऑल-इन-वनमधला तापमानाचा सेन्सर कुठे असतो? बहुतेक यंत्रांत अगदी तळाशी, हीटरजवळ. म्हणजे पडद्यावरचा आकडा हा तळाच्या रसाचा आकडा असतो. मधल्या धान्याच्या थरात तापमान काही अंशांनी कमी असू शकतं, विशेषतः थंडीच्या दिवसांत आणि यंत्राला उबदार वेष्टन नसेल तर. उपाय साधा आहे. लांब दांडीचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि धान्याच्या मधोमध, वर आणि खाली मोजा. दोन-तीनदा मॅश केलात की तुमच्या यंत्रात पडदा आणि धान्य यांच्यात किती फरक पडतो ते कळतं. तो लिहून ठेवा.

दोन अंशांनी काय बिघडतं?

१८३३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पॅरिसमध्ये पायेन आणि पेर्सोझ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. मॅशमध्ये नेमकं कोण काम करतं, याचा पहिला पुरावा हा.

त्याच वर्षी म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रूअर ब्रिटनच्या कारखान्यांच्या दौऱ्यावर होते. पाहुणे म्हणून जायचे आणि जाता जाता वर्टचे नमुने चोरायचे. कसे? हातातली काठी पोकळ होती आणि तिच्या टोकाला झडप होती. काठी भांड्यात बुडवायची, रस आत भरायचा आणि मुक्कामाला येऊन मोजायचा. औद्योगिक हेरगिरीच म्हणायची! ब्रिटिश लोक आकडे मोजून काम करतात आणि ते आकडे आपल्याला हवेत, हे या पोरांनी ओळखलं होतं.

हे आकडे इतके महत्त्वाचे का? माल्टमध्ये मुख्य एन्झाइम दोन. बीटा अमायलेजला साधारण ६० ते ६५ अंश मानवतं. ते यीस्टला पचणारी साखर करतं. अल्फा अमायलेज ७० च्या आसपास जोरात चालतं आणि जरा लांब साखळ्याही मागे ठेवतं, ज्या यीस्टला पचत नाहीत. म्हणून ६३ ला मॅश केलात तर बीअर हलकी आणि कोरडी होते, ६९ ला केलात तर भरदार आणि गोडसर. तापमान ७५ च्या पुढे गेलं की दोघंही भराभर निकामी होतात आणि एकदा गेलेलं एन्झाइम भांडं थंड केल्याने परत येत नाही. त्यामुळे मॅश थोडा थंड असेल तर हळूहळू वाढवा. फार गरम करून ठेवलात तर मात्र दुरुस्ती नाही. माल्ट घालण्याआधीचं पाणी लक्ष्यापेक्षा दोन ते चार अंश जास्त ठेवतात, कारण थंड माल्ट पडला की तापमान उतरतं. त्याहून जास्त उडी नको.

टोपली, काटक्या आणि अडकलेला मॅश

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार. रस खाली उतरतच नाही.

दाट लगद्यातून रस वेगळा करणं हा जगभरातल्या ब्रूअरचा जुना डोकेदुखीचा विषय. फिनलंडमध्ये साहती नावाची पारंपरिक बीअर आहे. तिच्यासाठी लाकडाची लांबट डोणी वापरतात, तिला कूर्ना म्हणतात. तिच्या तळाशी ज्युनिपरच्या फांद्या किंवा पेंढा अंथरतात आणि वर मॅश ओततात. इंग्लंडमध्ये जुन्या काळी विणलेली टोपली मॅशमध्ये खुपसायचे आणि टोपलीत झिरपलेला रस काढून घ्यायचे. पुढे भांड्यातच भोकं पाडलेला दुसरा तळ आला.

पण खरी गाळणी वेगळीच आहे. फांद्या, टोपली, जाळी ही सगळी फक्त आधाराला. गाळण्याचं काम बार्लीचं टरफलच करतं. टरफलं एकावर एक बसून जो सैल थर होतो, त्यातून रस झिरपतो. टरफलाचा चुरा झाला की थराचा चिखल होतो. म्हणून माल्ट दळायचा नाही, भरडायचा. दाणा फुटला पाहिजे आणि टरफल जवळजवळ अख्खं राहिलं पाहिजे. गव्हाला टरफल नसतं आणि ओट्स चिकट होतात, म्हणून त्यांचं प्रमाण जास्त असेल तर मूठभर भाताची टरफलं मिसळतात. आपल्याकडे जो भाताचा तूस असतो तोच, फक्त स्वच्छ धुतलेला.

यंत्राने इथे एक नवी भर घातली, ती म्हणजे पंप. जुन्या भांड्यात रस स्वतःच्या वजनाने उतरायचा. पंप तो ओढतो आणि जोरात ओढला की धान्याचा थर दाबून बसतो. वर पाणी तुंबतं, खाली तळ कोरडा पडतो आणि कोरड्या तळाखाली हीटर चालूच असतो. म्हणून माल्ट कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पंप लावूच नका, थर बसू द्या. नंतर झडप अर्धवट उघडून बारीक धारेने सुरुवात करा. रस वरून येतो तेवढाच खाली उतरतोय ना, बघत राहा. मधली ओव्हरफ्लोची नळी सतत वाहत असेल तर समजा की पंप जास्त आहे. अडकलाच, तर पंप आणि हीटर दोन्ही बंद करा, थर वरून खाली अलगद मोकळा करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळू सुरू करा. पंपाचा जोर वाढवणं म्हणजे दार अडकलंय म्हणून बाहेरून आणखी माणसं ढकलायला लावण्यासारखं आहे.

गुठळ्या

पिठलं करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पीठ एकदम टाकलं की गुठळ्या होतात. बाहेरून ओली, आत कोरडं पीठ. मॅशमध्ये तसंच होतं आणि गुठळीच्या आतला स्टार्च साखर न होता वाया जातो. जुन्या कारखान्यांत माणसं लांब वल्ह्यांनी मॅश ढवळायची. मग घोड्यांवर आणि वाफेवर फिरणारी दाती आली. १८५३ मध्ये स्टीलचा मॅशर आला. त्यात भरडलेला माल्ट आणि गरम पाणी एका आडव्या नळकांड्यात आधीच एकत्र घुसळलं जातं आणि मगच भांड्यात पडतं. म्हणजे गुठळी व्हायच्या आधीच मोडायची.

ऑल-इन-वनमध्ये ढवळणारा कुणी नसतो. पंपाने रस फिरतो, धान्य हलत नाही. ते काम तुमचंच आहे. माल्ट थोडा थोडा घाला, प्रत्येक वेळी तळापर्यंत ढवळा. जमल्यास मॅशच्या मध्यात पंप थांबवून एकदा परत ढवळा. नाहीतर रस थरात एकच सोपी वाट शोधतो, त्याच वाटेने उतरत राहतो आणि बाजूचं धान्य तसंच राहतं.

विस्तव आणि धान्य वेगळं का ठेवायचे?

मला हा इतिहास वाचताना सगळ्यात लक्षात राहिलेला मुद्दा हा आहे. इंग्लिश पद्धतीत मॅशच्या भांड्याखाली विस्तव नसायचाच. पाणी तांब्याच्या वेगळ्या हंड्यात तापायचं आणि मॅशच्या लाकडी पिंपात ओतलं जायचं. जर्मन पद्धतीत धान्य उकळायचे, पण त्यासाठी वेगळं भांडं होतं आणि ते सतत ढवळावं लागायचं. विस्तव आणि धान्य एकत्र आले की बुडाला लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आपलं यंत्र मॅशच्या खालीच हीटर ठेवतं. मध्ये फक्त जाळी. जाळीतून पीठ झिरपतं, तळावर बसतं आणि दुधासारखं करपतं. एकदा करपलं की तो वास बीअरमधून जात नाही. म्हणून मॅशच्या वेळी हीटर कमी वॅटवर चालवा, तशी सोय बऱ्याच यंत्रांत असते. तापमान वाढवताना रस फिरता ठेवा. आणि भरड फार बारीक नको, हा सल्ला इथेही लागू पडतो.

धुवून घेणं आणि पाणी

जुने इंग्लिश ब्रूअर एकाच धान्यावर दोन-तीनदा पाणी घालून मॅश करायचे. पहिल्या रसाची कडक बीअर, शेवटच्या रसाची पातळ. स्कॉटलंडमधल्या ब्रूअरनी वरून गरम पाणी शिंपडून धान्य धुवायची रीत चालवली आणि एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडभर पसरली. तिला स्पार्जिंग म्हणतात. यंत्रात टोपली वर उचलून, अडकवून, वरून पाणी घालतात. पाणी ७५ अंशांच्या आसपास असू द्या आणि सावकाश घाला. ओल्या धान्याची टोपली जड आणि चांगलीच गरम असते, तेव्हा हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा.

राहिलं पाणी. बर्टन-ऑन-ट्रेंट या इंग्लिश गावाचं पाणी जिप्समने भरलेलं, तिथल्या फिक्या बीअर गाजल्या. डब्लिन आणि लंडनच्या कार्बोनेटवाल्या पाण्यात काळ्या बीअर जमल्या. त्या काळी कारण नीट माहीत नव्हतं. मग १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच ही मोजपट्टी मांडली. होय, शाळेतला पीएच बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलाय! मॅशला साधारण ५.२ ते ५.६ पीएच मानवतो. भाजलेला काळा माल्ट आंबटपणा वाढवतो, म्हणून तो कार्बोनेटचं पाणी सावरून घेतो. फिका माल्ट आणि तसलं पाणी एकत्र आलं तर पीएच वर राहतो आणि एन्झाइम मंदावतात. सगळं बरोबर करूनही साखर कमी उतरत असेल तर पाण्याचा अहवाल काढून बघा.

यंत्र घरात कसं आलं?

ब्रिटनमध्ये १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून वर्टच्या ताकदीवर कर लावला. तो कायदा 'फ्री मॅश-टन' या नावाने ओळखला जातो. कारखानदारांना मॅशमध्ये काय घालायचं याची मोकळीक मिळाली, पण घरी करणाऱ्याला परवाना घ्यावा लागू लागला. ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरची बीअर कायदेशीर झाली. मग लोकांनी घरातल्या वस्तूंनीच कारखाना उभा केला. सहलीचा बर्फाचा डबा झाला मॅशचं पिंप. ऑस्ट्रेलियात तर लोक सगळं धान्य एका कापडी पिशवीत भरून थेट हंड्यात सोडायला लागले. याच वाटेवर पुढे जर्मनीचं ब्राऊमायस्टर, न्यूझीलंडचं ग्रेनफादर अशी यंत्रं आली. हंडा, पिंप, गाळणी आणि ढवळणारा माणूस अशी चार कामं एका स्टीलच्या नळकांड्यात आली. जागा वाचली, कष्ट वाचले. फक्त ती चार कामं संपली नाहीत, दिसेनाशी झाली.

म्हणून पुढच्या वेळी काही बिघडलं तर बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातलं कोणतं काम अडलंय? उष्णता नीट पोचत नाहीये का? मग धान्याच्या मधोमध मोजा. रस उतरत नाही? मग टरफलं आणि पंप बघा. करपतंय? मग हीटर आणि तळाचं पीठ. साखर कमी? मग गुठळ्या, भरड, धुणं आणि शेवटी पाणी, या क्रमाने. आणि हे सगळं एका वहीत लिहा. आकडे मिळवायला झेडलमायरला पोकळ काठी घेऊन चोरी करावी लागली होती. तुमचे आकडे तुमच्याच भांड्यात आहेत, फक्त ते मोजायला पडद्यापासून उठून जावं लागतं.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला असेल तर डब्लिन, मेलबर्न, न्यू जर्सीतल्या आपल्या मित्रमंडळींना पाठवा. भेटू पुढच्या भागात.